कुंपणाच्या आतला कचरा आणि बाहेरची माणसं

दौंडला माझ्या मामूंचा भंगारचा धंदा होता. पत्र्याचं कंपाउंड, आत एका बाजूला लोखंड, दुसऱ्या बाजूला पत्रा, कोपऱ्यात ताडपत्रीखाली तांबं-पितळ आणि दारापाशी जुन्या बॅटऱ्यांची चळत. आमच्या समाजातली किती घरं या धंद्यावर चालतात, हे वाचकांना वेगळं सांगायला नको. भंगार, गॅरेज, रेडिएटर, बॅटरी, डेंटिंग-पेंटिंग. शाळा अर्धवट सुटलेल्या पोराला पहिला रोजगार बहुतेक वेळा इथंच मिळतो.

एकदा मामूंनी सरकारी लिलावातून सुटलेला माल एका व्यापाऱ्याकडून घेतला. त्यात लष्करी हिरव्या रंगाची पिंपं होती. रिकामी म्हणून आली होती. त्यातलं एक कापायला गॅस कटर लावला आणि तळाशी उरलेल्या कसल्याशा द्रवाच्या वाफेनं भडका घेतला. कटर चालवणाऱ्या पोराचा हात कोपरापर्यंत भाजला. पिंपावर काहीतरी इंग्रजीत छापलेलं होतं, अर्धं पुसलेलं. ते वाचता येईल असं तिथं कुणी नव्हतं, आणि वाचून कळलं असतं असंही नाही. मामूंनी पोराच्या दवाखान्याचा खर्च केला, उरलेली पिंपं पाण्यानं धुवून घेतली आणि ते पाणी नाल्यात सोडलं. नाला भीमेला मिळतो. तेव्हा त्यात काही चुकतंय असं मामूंना वाटलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या मलाही वाटलं नाही.

आज वाटतं, म्हणून हा लेख.

लष्करी तळावरचा घातक कचरा म्हटलं की डोळ्यांपुढे बॉम्ब येतो. पण कुठल्याही लष्करी तळावरचा रोजचा घातक कचरा त्याहून फार साधा असतो. शेकडो वाहनांच्या इंजिनातलं जळकं तेल, शिसं आणि आम्ल असलेल्या बॅटऱ्या, सुटे भाग धुण्याचे सॉल्व्हंट, जुना रंग उतरवण्याची रसायनं, मुदत संपलेले रंग आणि चिकट पदार्थ, तेलानं माखलेली फडकी, रिकामे डबे. त्यावर दारूगोळ्याचा वेगळा कचरा: कालबाह्य गोळे, कारखान्यातलं धुवणाचं पाणी, चाचणीच्या मैदानावर न फुटता राहिलेला माल. टीएनटी भरण्याच्या कारखान्यातलं धुवणाचं पाणी उन्हात गुलाबी होतं, म्हणून त्याला जगभर ‘गुलाबी पाणी’ म्हणतात. नाव गोड आहे, पाणी विषारी असतं.

शिरूर-दौंडच्या माणसाला याचं काय, असं कुणी विचारेल. छावण्या पुण्यात, खडकीत, देहूरोडला. दारूगोळ्याचा कारखाना खडकीला १८६९ पासून आहे, उच्च स्फोटकांचा कारखाना १९४० पासून. लष्करी वाहनांची मोठी कार्यशाळाही खडकीतच. रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगरला. आमच्या दौंडमध्ये आहे ते राज्य राखीव पोलीस दल. लष्कर नव्हे, पण वाहनं, गोळीबाराचं मैदान आणि भांडारं त्यांच्याकडेही असतातच. आणि शिरूर? शिरूर एकेकाळी स्वतःच छावणी होतं. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी कोरेगावकडे निघाली ती शिरूरहून. छावणी गेली, कर्नल वॉलेसची कबर राहिली. त्या काळची छावणी उठली की मागे कबरी आणि घोड्यांचे तबेले उरायचे. आजच्या तळाच्या मागे जमिनीत काय उरतं, हा वेगळा प्रश्न आहे.

पण खरं उत्तर इतिहासात नाही, नकाशात आहे. शिरूर तालुक्यात दोन रांजणगावं आहेत. एक गणपतीचं, तिथं एमआयडीसी आहे. त्या एमआयडीसीत घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारा, तो जाळणारा आणि पुरणारा सामायिक प्रकल्प आहे. संबंध महाराष्ट्रात असे प्रकल्प हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नियमानुसार पुनर्वापर न होणारा घातक कचरा अशाच ठिकाणी न्यावा लागतो. कारखान्यातून निघालेला असो की कार्यशाळेतून, खड्ड्यात उतरला की दोन्ही सारखेच. शेजारच्या निमगाव भोगीच्या ग्रामस्थांनी विहिरींच्या पाण्याबद्दल केलेल्या तक्रारी वर्तमानपत्रांत येत राहिल्या आहेत.

दुसरं रांजणगाव सांडस. पुण्याहून आलेली मुळा-मुठा तिथं भीमेला मिळते. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंडचं वाळकी. खडकी मुळेच्या काठी आहे. म्हणजे पुण्याच्या शहराचं, कारखान्यांचं आणि छावण्यांच्या गटारांचं पाणी, शुद्ध होऊन असो वा न होता, आमच्या दोन तालुक्यांच्या शिवेवर भीमेत येतं, दौंडवरून पुढे उजनीला जातं आणि सोलापूरकरांच्या माठात पोचतं. एका रांजणगावाला ट्रकनं येतं, दुसऱ्याला नदीनं येतं. जिथं कचऱ्याचा शेवट होतो, तिथल्या माणसाला सुरुवातीबद्दल विचारायचा हक्क आहे, एवढंच माझं म्हणणं.

आता एक अवघड गोष्ट बोलतो. हा विषय मी मित्रांच्या गटात काढला तेव्हा एक जण हसत म्हणाला, “तू हे लिहू नकोस. नाव वाचलं की लोक मजकूर वाचणार नाहीत.” त्याचा हेतू चांगला होता. लष्कराबद्दल प्रश्न विचारणारा मुसलमान असेल तर प्रश्नाआधी त्याची निष्ठा तपासली जाते, हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे आपल्यातले पुष्कळ लोक अशा विषयांवर गप्प बसतात. पण लष्करी कचऱ्याचा पहिला बळी कोण असतो, हे पाहिलं की ही भीती किती उलटी आहे ते कळतं. पहिला बळी शत्रू नसतो. जवान असतो.

वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव. देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथं आग लागली. दोन अधिकारी, जवान आणि भांडारातले अग्निशमन कर्मचारी मेले. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत होतं, हे नंतर पुढे आलं. म्हणजे जो माल वेळेत बाजूला काढून निकाली निघायला हवा होता, तो साठ्यात पडून होता. मग २० नोव्हेंबर २०१८. त्याच पुलगावच्या परिसरात, सोनेगावजवळच्या मैदानावर, जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवत असताना स्फोट झाला. सहा माणसं गेली. त्यांत आसपासच्या गावांतले कंत्राटी मजूर होते. पेटी उचलण्याची मजुरी घेणारी माणसं. त्यांच्यात आणि मामूंच्या कंपाउंडमधल्या त्या पोरात मला फारसा फरक दिसत नाही.

अमेरिकेचं उदाहरण याहून मोठं आहे. नॉर्थ कॅरोलायनात कॅम्प लेज्यून नावाचा मरीन सैनिकांचा तळ आहे. तिथल्या पिण्याच्या पाण्यात १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत सुटे भाग धुण्याची, कपडे धुण्याची सॉल्व्हंट रसायनं आणि बेंझिन मिसळत राहिलं. काही तळाच्या आतल्या टाक्यांतून आणि कचऱ्यातून, काही कुंपणाबाहेरच्या एका ड्रायक्लीनरकडून. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोष सापडला, विहिरी बंद व्हायला १९८५ उजाडलं. तोवर लाखो सैनिक, त्यांच्या बायका, त्यांची मुलं ते पाणी प्यायली होती. भरपाईसाठी कोर्टात जाण्याचा हक्क देणारा कायदा आला २०२२ मध्ये. देशासाठी लढायला गेलेला माणूस स्वतःच्या घरच्या नळानं आजारी पडला, आणि ते मान्य व्हायला एक पिढी गेली. हे विचारणं लष्कराच्या विरोधात असेल, तर त्या जवानांच्या बाजूनं नेमकं काय आहे?

म्हणून मुद्दा कचऱ्याची विल्हेवाट लावण्याचा नाही. तो कमी निर्माण करण्याचा आहे. आपल्या देशाच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांतही क्रम हाच दिला आहे: आधी निर्माण होऊ न देणं, मग कमी करणं, मग पुन्हा वापरणं, पुनर्चक्रण, त्यातून काही मिळवणं, आणि सगळ्यात शेवटी सुरक्षित विल्हेवाट. आपण मात्र शेवटच्या पायरीवर जाऊन बसतो. खड्डा कुठे खणायचा यावर भांडणं होतात, तो भरतो कशानं यावर होत नाहीत.

कमी करणं म्हणजे काय, ते घरातल्या उदाहरणानं सांगतो. लग्नासाठी रंग काढायचा म्हणून आपण वीस लिटरचा डबा आणतो, बारा लागतात, आठ माळ्यावर जातात आणि पाच वर्षांनी दगड होऊन कचऱ्यात. लष्करी भांडारात हेच शेकडो पटींनी होतं, कारण तिथं कमी पडणं हा गुन्हा असतो आणि जास्त मागवणं ही खबरदारी. न उघडलेला डबासुद्धा मुदत संपली की घातक कचरा होतो. १९९० च्या दशकात अमेरिकी सैन्यदलांनी यावर साधा उपाय काढला. औषधाच्या दुकानासारखं एकच भांडार, त्यातून लागेल तेवढंच मोजून द्यायचं, उरलेलं परत घ्यायचं आणि जुन्या मुदतीचं आधी संपवायचं. आपला औषध दुकानदार हेच रोज करतो. यात कसलंही गुपित तंत्रज्ञान नाही.

दुसरं उदाहरण रंग उतरवण्याचं. विमानावरचा जुना रंग काढायला पूर्वी मिथिलीन क्लोराइडसारखी रसायनं ओतत. रंग, रसायन आणि धुण्याचं पाणी मिळून हजारो लिटर विषारी गाळ तयार होई. अमेरिकेतल्या हिल हवाई तळावर १९८० च्या दशकात प्लास्टिकचे बारीक कण हवेच्या दाबानं मारून रंग काढायला सुरुवात झाली. कण चाळून पुन्हा वापरता येतात. शेवटी उरते ती रंगाची कोरडी पूड. ती घातक असतेच, पण पिंपं भरून नाही, पिशवीभर. सुटे भाग धुण्यासाठीही सॉल्व्हंटऐवजी गरम पाणी आणि साबणाचं यंत्र पुष्कळ ठिकाणी चालतं. इंजिनातलं तेल ठरावीक तारखेला बदलण्याऐवजी नमुना तपासून, खराब झाल्यावरच बदलायचं, ही पद्धत आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये वर्षानुवर्षं आहे. दौंडच्या रेल्वेवाल्यांना मी ती नव्यानं सांगायची गरज नाही.

दारूगोळ्याचं गणित वेगळं, पण तत्त्व तेच. गोळ्याला आयुष्य असतं. सरावासाठी वापरताना जुनं आधी, नवं नंतर असा क्रम पाळला आणि खरेदी त्याच हिशेबानं केली, तर कालबाह्य साठ्याचा डोंगर होत नाही. डोंगर झाला की मग उघड्या मैदानावर तो जाळणं किंवा फोडणं आलं. त्यातून आरडीएक्स, परक्लोरेट यांसारखे पदार्थ मातीत उरतात आणि पावसाबरोबर खाली जातात. आपल्याकडचा खडक काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांतून धावतं. विहीर खणणाऱ्या माणसाला विचारा, वरचं पाणी कुठल्या भेगेनं कुठे निघेल हे तोही छातीठोक सांगत नाही. एकदा त्या भेगांत काही उतरलं की बाहेर काढायला पिढ्या लागतात.

आता नेहमीचा आक्षेप. ही देशाच्या सुरक्षेची गोष्ट आहे, माहिती उघड करता येणार नाही. यात तथ्य आहेच. किती गोळे कुठे ठेवले हे कुणी विचारू नये आणि कुणी सांगू नये. कायद्यानंही ही जागा राखून ठेवली आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत संरक्षण प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. माहिती अधिकार कायद्यात सुरक्षेचा अपवाद आहे. २०२२ च्या बॅटरी नियमांतून खास लष्करी वापराच्या बॅटऱ्या वगळल्या आहेत. पण ट्रकमधून काढलेलं किती लिटर जळकं तेल कुणाला विकलं, यात कसलं गुपित? किती बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे गेल्या आणि किती भंगारात, हे शत्रूला कळल्यानं कुठली सीमा धोक्यात येते?

आणि गुप्ततेचं सगळ्यात मोठं उत्तर भारतानंच दिलेलं आहे. १९९७ मध्ये भारतानं आपल्याकडे रासायनिक अस्त्रं असल्याचं जगापुढे जाहीर केलं. हजार टनांहून अधिक मस्टर्ड वायूचं रसायन होतं ते. त्याहून गुप्त काय असेल? तरी आंतरराष्ट्रीय निरीक्षकांच्या देखरेखीखाली ते टप्प्याटप्प्यानं नष्ट केलं आणि मार्च २००९ मध्ये काम पुरं केलं. साठा जाहीर करून तो पूर्ण नष्ट करणारा भारत जगातला तिसरा देश ठरला. याचा मला भारतीय म्हणून अभिमान आहे, आणि तो या लेखात मुद्दाम लिहितो आहे. जे लष्कर परदेशी निरीक्षकांना अस्त्रांचे साठे मोजून दाखवू शकतं, ते शेजारच्या ग्रामपंचायतीला विहिरीच्या पाण्याचा अहवाल का देऊ शकणार नाही?

ऑक्टोबर २०२१ मध्ये दारूगोळ्याचे सरकारी कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले. त्यातली दारूगोळ्याची कंपनी, म्युनिशन्स इंडिया, पुण्यातच आहे. कंपनी झाल्यावर ताळेबंद छापावा लागतो, नफा सांगावा लागतो. त्याच पुस्तकात एक पान घातक कचऱ्याचं असावं: यंदा किती निर्माण झाला, गेल्या वर्षी किती होता, उत्पादनाच्या प्रमाणात घटला की वाढला. छावण्या, कार्यशाळा आणि राखीव पोलिसांच्या तळांनीही असंच एक पान काढावं. प्रकारवार, वजनात, एवढंच. ठिकाणाचा तपशील नको. आकडा दरवर्षी लिहावा लागला की तो आपोआप खाली येऊ लागतो; घरखर्चाची वही ठेवणाऱ्या कुठल्याही बाईला हे माहीत आहे.

तळाच्या कुंपणालगतच्या आणि उताराच्या बाजूच्या विहिरींचं पाणी वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, तपासावं आणि निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. आणि लिलाव. कुठल्याही सरकारी लिलावात पिंप, टाकी, सिलिंडर निघालं तर ते आतून साफ केल्याचा दाखला त्याच्यासोबत असावा, आणि आत काय होतं ते त्यावर मराठी-हिंदीत लिहिलेलं असावं. हे कचरा कमी करण्याशी थेट जोडलेलं आहे. साफ करून देण्याचा खर्च विकणाऱ्यावर पडला, तर पुढच्या वेळी तो कमी पिंपं मागवील.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवताना उरलेली बोटं आपल्याकडे येतात. बॅटरी फोडून आम्ल गटारात ओतणं, शिसं उघड्यावर वितळवणं हे आपल्या मोहल्ल्यांत होतं. शिशाची धूळ कपड्यांवरून घरी येते आणि मांडीवरच्या मुलाच्या मेंदूवर परिणाम करते. शिशाचं कुठलंच प्रमाण मुलांसाठी सुरक्षित नाही. अहिल्यानगरच्या के. के. रेंजच्या आसपास न फुटलेले गोळे पितळेसाठी ठोकताना माणसं मेल्याच्या बातम्या आपण वाचल्या, हळहळलो, आणि ते पितळ विकत घेणारं दुकान कुणाचं, हे विचारलं नाही. ते घेणारा कुणी नसता, तर वेचायलाही कुणी गेला नसता. भंगार व्यापाऱ्यांच्या संघटनांनी ठरवलं तर हे थांबू शकतं: लष्करी शेल कुणी आणलं तर घ्यायचं नाही, पोलिसांना कळवायचं. सीलबंद पिंप कापायचं नाही. बॅटरी फोडायची नाही, अखंडच पुढे द्यायची. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात यासाठी पाच मिनिटं मागितली, तर कुठलेही मौलाना नाही म्हणतील असं मला वाटत नाही. वुजूला घेतलेलं पाणीसुद्धा वाया घालवू नये ही शिकवण ज्या समाजाला लहानपणीच मिळते, त्याला नदीबद्दल वेगळं काय समजवायचं?

मामू आता थकलेत. कंपाउंड मुलांनी विकलं, त्या जागी दुकानं झाली. मागच्या ईदला मी त्यांना त्या पिंपाची आठवण काढून दिली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “धुतलं नसतं तर बरं झालं असतं. पण मग ठेवलं कुठं असतं रे?”

या प्रश्नाचं उत्तर मामूंनी देणं अपेक्षित नव्हतं. ते पिंप भरून मागवणाऱ्यानं, अर्धवट वापरून बाजूला सारणाऱ्यानं आणि रिकामं म्हणून विकणाऱ्यानं द्यायला हवं होतं. त्यांनी ते दिलं असतं तर पिंप आमच्या दारात आलंच नसतं. त्या पोराचा हात आजही नीट मिटत नाही. तो दौंडमध्येच रिक्षा चालवतो, एका हातानं क्लच दाबताना त्याला त्रास होतो, पण तक्रार करत नाही. तक्रार कुणाकडे करायची, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.